संदर्भसूचीतले ‘इतर’

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजून तरी तो मीच आहे) नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकायचं म्हणजे ती कुरकुरणारच. वहिनींचा खोकला थांबला असेलच. इकडे सगळं ठीक आहे, असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

दादा, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला आहे. गोगलगायी फिरून पुन्हा आपल्या जागी कशा येतात, यावरचा आमचा पेपर जर्नलने परत पाठवला. गोगलगायींबद्दल अवाक्षर नाही! तक्रार काय, तर शेवटची संदर्भसूची नियमाला धरून नाही. आडनाव आधी हवं, मग आद्याक्षर, त्यापुढे टिंब नको, जर्नलचं नाव तिरपं, खंडाचा आकडा ठळक. (याआधीच्या जर्नलला टिंब हवं होतं आणि ठळक काहीच नको होतं. तिथे टिंब नाही म्हणून पेपर परत आला होता.) अहो, कुणाचं आडनाव आधी आलं म्हणून गोगलगाय वाट बदलते का? हे काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर घेतलं, तर त्याने आमच्या ‘प्राणिशास्त्र विभागा’ला माणूस समजून ‘विभाग प्रा’ असं नाव छापलं. म्हणजे भिंती आणि कपाटं यांनासुद्धा आडनाव मिळालं.

खरा अन्याय पुढेच आहे. या जर्नलचा नियम असा, की चारपेक्षा कमी लेखक असतील तर सगळ्यांची नावं, नाहीतर पहिली तीन आणि पुढे ‘आणि इतर’. आमच्या आधीच्या पेपरात पहिला मी, दुसरे प्रयोगशाळेचे प्रमुख (ते प्रत्येक पेपरात असतात, पंखा असतो तसे), तिसरे ज्यांचा सूक्ष्मदर्शक आम्ही आठवडाभरासाठी आणला ते गृहस्थ, आणि चौथी तुमची बहीण. ओल्या वाफ्यात उकिडवं बसून एकेका गोगलगायीच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला तिने. नेलपॉलिशही तिचंच. मी जर्नलच्या कचेरीत फोन केला, म्हटलं, तीनऐवजी चार नावं घाला, कागद मी देतो. पलीकडचा म्हणाला, “मग उद्या पाचवा येईल.” मी फोन आपटला.

जेवणाच्या टेबलावर आम्ही सूची तपासायला बसलो. ती मोठ्याने वाचायची, मी खुणा करायचो, ही आमची नेहमीची पद्धत. आमच्याच त्या आधीच्या पेपराच्या ओळीवर ती थांबली. म्हणाली, “इतर म्हणजे कोण?” माझं सगळं लक्ष स्वल्पविरामात. मी म्हणालो, “अगं, ते सोड, ते महत्त्वाचे नसतात.”

दादा, हे वाक्य मी जर्नलचा नियम म्हणून सांगितलं होतं. नवरा म्हणून नव्हे! पण तिने पेन्सिल खाली ठेवली, बॅग भरली आणि “दादाकडे जाते, त्याच्याकडे मला नाव आहे,” असं म्हणून निघाली. चूक कुणाची? नियम करणाऱ्याची. आणि घर सुनं कुणाचं? माझं. तेव्हा तुम्ही या जर्नलला एक खरमरीत पत्र लिहावं, एवढ्यासाठी हा प्रपंच.

तुमचा,
दाजी

ता. क. जर्नलला पत्र नाही लिहिलंत तरी चालेल. सोबत लेखकांच्या संमतीचा कागद आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या, फक्त तिची राहिली आहे. ती नसेल तर पेपर बाद, आणि पेपर नसेल तर माझी नोकरी पुढच्या वर्षी राहते की नाही, देव जाणे. तिची दाढ दुखत होती. तुमच्या खुर्चीत तोंड उघडं असताना कागद पुढे केलात तर तिला नाही म्हणता येणार नाही.

दुसरा ता. क. हे पत्र तुमच्याआधी तीच फोडणार, हे मला ठाऊक आहे. तर ऐक. सह्या पुन्हा लागल्या, कारण या नव्या पेपरात लेखक तेच चौघे असले तरी मी त्यांचा क्रम बदलला. पहिलं नाव तुझं. चौथा मी. यापुढे जगात कुणीही हा पेपर संदर्भाला घेतला, तर मी ‘इतर’. (प्रमुख दुसरेच राहिले, ते हलत नाहीत.) जर्नलला सहीचा फोटो चालतो. मला चालणार नाही. कागद घेऊन तू स्वतः ये.