पिवळी पट्टी काढणार नाही

नाशिक, २ जुलै २००९

पुन्हा तेच! शेठ म्हणे, सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवरचं ते स्क्रिप्ट, म्हणजे साइटच्या आतले छोटे प्रोग्राम, अडवणारं काढ, गिऱ्हाईकं पळतात. आज मी चहाला गेलो आणि एका काकांचं रेल्वेचं तिकीट निघेना. बटण दाबून दाबून बेजार झाले. मी येऊन त्या अडवणाऱ्याच्या, स्क्रीनखालच्या पिवळ्या पट्टीतून तेवढ्या साइटला परवानगी दिली, लगेच निघालं.

शेठ सगळ्यांसमोर ओरडला, "सातवी नापास, अन् मला अक्कल शिकवतो?"

माझं चुकतंय का? पण पट्टी नव्हती तेव्हा इथूनच एका पोरीचा पासवर्ड चोरीला गेला. तिचं रडणं शेठने नाही, मी ऐकलं.

चहाला बाहेर जाणं बंद करीन, पट्टी राहील. शेठने पगारातून शंभर कापले. कापू दे. नामपूरला आईला या वेळी हजाराऐवजी नऊशे.