खांदे भरेपर्यंत

पावस, चैत्र, सन १९३४

प्रिय दादू,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र शिमग्याच्या आधीच आलं होतं, पण काय लिहावं तेच ठरेना. डोळ्याखालची सूज उतरली का? तो लाल चेंडू दगडासारखा लागतो म्हणतोस. मला जेवतानाही तोच दिसतो.

बॅट चांगली चालते म्हणून साहेबांनी तुला गिरणीत घेतलं, आणि चेंडू लागल्यापासून तू जातोस तसा बाद होऊन परततोस. वैशाखातल्या सामन्यातही तसंच झालं तर टीममधून काढतील आणि मग खात्यातली जागाही जाईल. हे वाचल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. आई विचारते, चेंडू मारायला पगार देणारा साहेब डोक्याने बरा आहे ना? तरी तिने देवीला नारळ बोलून ठेवलाय.

मला क्रिकेट काय कळणार? पण तू मारायला शिकलास तो इथेच, माडाच्या झावळीचा दांडा घेऊन, गळलेल्या कैऱ्यांवर. मी झाडावरून बघायचो. कैरी अगदी अंगाजवळ येईपर्यंत तू थांबायचास. आता भीतीने आधीच हात फिरवत असशील. आंबे उतरवायची घळ आठव. काठीच्या टोकाची जाळी आपण दिसेल त्या आंब्याला लावत नाही. देठाजवळ खांदे भरून तयार झाला असेल तोच घ्यायचा, बाकीचे हाताशी आले तरी सोडायचे. चेंडूही सगळे मारायचे नसणार. आंबा जाळीत पडेपर्यंत नजर हलवायची नाही, टोपलीकडे बघितलं की हात चुकतो. एखादा खाली पडून फुटला तर त्याच्याकडे बघत राहू नये, फांदीवरचा पाय निसटतो. काठी आवळून धरू नकोस, मनगट मोकळं ठेव. आणि कामावर जाण्याआधी रोज थोडं खेळ, कंटाळा आला तरी. आधी कुणाला तरी हळू टाकायला सांग, म्हणजे अंगातली भीती जाईल. जेवण वेळेवर घेतोस ना?

आता जे लिहवत नव्हतं ते लिहितो. यंदा मला झाडावरचे देठ दिसेनासे झालेत. डोळ्यांवर साय धरल्यासारखं वाटतं. हा कागदही नाकाशी धरून लिहितोय. पहिल्याच तोडीला मी कोवळे आंबे उतरवले. पेंढ्यात ते पिकले नाहीत, नुसते सुरकुतले. खोतांनी ओटीवर सगळ्यांदेखत एक कापून माझ्यापुढे धरला. "घे महिपत, लोणचं घाल आता!" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

आपलं घर खोतांच्या जागेत, म्हणून घरटी एक गडी त्यांच्या वेठीला. माझे डोळे गेले, म्हणजे आता गडी तू. त्यांनीच हा कागद दिला आणि बजावलं, पोराला बोलावून घे, नाहीतर पावसाआधी घर खाली कर. आईला वाटतं तू यावंस. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा ती घळ हातात घेतलीस की सुटायचा नाहीस. माझा बाप सुटला नाही, मी सुटलो नाही. म्हणून त्यांच्याच कागदावर लिहितो, येऊ नकोस. तुझी जागा टिकली तर आम्ही दोघं पालीला तुझ्या मावशीकडे जाऊ. जागा गेली तर तुला इथेच यावं लागेल, आणि आम्हालाही इथून हलता येणार नाही. तेव्हा खांदे भरेपर्यंत थांब, मग मार.

पूर्णगडचा सदू आगबोटीवर आहे, पत्र त्याच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याच हाती दे, टपाल खोतांच्या ओटीवर येतं. सामना झाला की लगेच कळव रे. दोन ओळी पुरेत, फक्त अक्षर मोठं काढ.

तुझाच,
बाबा