पार्वताबाईचा ‘काहून’ परत देण्याबाबत

मी, गुलाब डोमाजी गोंडाणे, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी सुतारकाम, आता पेन्शन, राहणार अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. साखरेचा आजार आहे, पण तो डोक्यात गेलेला नाही असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आहे आणि तो कागद मागे टाचला आहे. तो हरवला तर डॉक्टरांना पुन्हा विचारावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट घरचे म्हणतात, इतक्यात कायले लिहिता. वकीलसाहेबांनी एका पानाचा मसुदा करून दिला होता. माझे त्यात मावले नाही. मी सातवी पास आहे, तेव्हा चूकभूल असेल ती सांभाळून घ्यावी. फक्त कलम पाचमध्ये कोणी काही सुधारू नये.

१. घर. अड्याळ येथील माझे विटांचे घर, पूर्वेस गावरस्ता, पश्चिमेस धनीराम बोरकर यांची भिंत, दक्षिणेस बोळ, उत्तरेस हातपंपाची मोकळी जागा, हे मी मुलगा विनोद यास देतो. पुढच्या खोलीचे दार मी स्वतः चौकट काढून रुंद केले आहे. ते मोठे दिसते, हवा येते, असे सूनबाई रुपा म्हणते. म्हणू द्यावे. पियानो घरात आहे तोवर ते दार लहान करू नये. भिंत धनीरामची आहे, पण तिच्यातले पाणी आमच्याकडे झिरपते, हेही इथे लिहून ठेवतो.

२. बँकेत जे असेल ते विनोद आणि मुलगी सरिता यांनी अर्धे अर्धे घ्यावे. माझी बायको, कैलासवासी पार्वताबाई, हिचे दागिने सरिताचे. माझी हत्यारे, म्हणजे रंधे, पटाशा, करवती आणि शिसवीच्या दांड्याचा हातोडा, हीसुद्धा सरिताचीच. विनोदने वाईट वाटून घेऊ नये. लहानपणी करवतीचे दुसरे टोक सरिता धरायची, विनोद पळून जायचा. हत्यारांना महिन्यातून एकदा तेल लावावे. विसरली तर गंज चढेल आणि मला वरून काही करता येणार नाही.

३. पियानो. ही वस्तू माझी आहे, विहाराची नाही. धनीराम अजून तसे बोलतो म्हणून हकीकत लिहितो.

सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या विहारातल्या गायनपार्टीची पेटी फुटली. मी तेव्हा जवाहरनगरला लाकडी खोकी बनवायच्या कामावर होतो. तिकडे एका जुन्या क्लबच्या सामानाचा लिलाव निघाला. यादीत लिहिले होते, ‘पेटी, लाकडी, वाजणारी, नग एक’. पार्टीने मला पाठवले. मला वाटले हार्मोनियम असेल. सामान ताडपत्रीखाली होते. बोली माझ्या नावावर सुटली आणि ताडपत्री काढली तेव्हा चार माणसांना न उचलवणारी पेटी निघाली. ट्रॅक्टरवर घालून आणली. विहाराच्या दारातून ती शिरेना. सगळे गाव गोळा झाले.

“काय आणलं गा गुलाब?” धनीराम म्हणाला. “मयतीची पेटी होय का? मापाची तं तुह्याच दिसते.”

पार्टीला दुसरी पेटी मी माझ्या पैशाने आणून दिली. ते त्याला चांगले आठवते, पण तो सांगत नाही.

मी पियानो फोडून आलमारी करणार होतो. लाकूड फार उत्तम आहे. पटाशी हातात घेतली आणि विनोदची प्रतिक्षा, तेव्हा दोन वर्षांची, तिने पुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हात मारला. आवाज बराच वेळ राहिला. पार्वताबाई चुलीपासून उठून आली. “थांबा जी,” म्हणाली, “यातलं मानूस जितं हाये.”

मग मी तो दुरुस्त केला. आतल्या हातोड्यांना जुन्या घोंगडीचे कापड चिकटवले. तारा ताणायची चावी बाजारात मिळेना, ती कानशीने घासून मीच केली. जवाहरनगरच्या वसाहतीत केरळच्या मरियम्मा मॅडम होत्या, त्या चर्चमध्ये वाजवायच्या. सूर कसा धरायचा ते त्यांनी मला सांगितले आणि प्रतिक्षाला शिकवले. पुढे नागपूरहून सूर लावणारा माणूस आला. त्याने सगळा पियानो तपासला आणि विचारले, हे काम कोणाचे. मी म्हटले माझे. त्याने दोन तारा ताणल्या आणि चहा पिऊन गेला.

हा पियानो, चावीसह, मी नात प्रतिक्षा विनोद गोंडाणे हिला देतो. ती मुंबईत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, जिना अरुंद आहे. तिची सोय होईपर्यंत पियानो इथेच राहील. त्याच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवू नयेत. पाण्याचा गिलास ठेवू नये. पावसाळ्यात आत लहान बल्ब लावावा. उंदरांकडे रोज पाहावे. रोज म्हणजे रोज.

४. गाणी. प्रतिक्षा जी गाणी लिहिते ती काय आहेत हे पुष्कळ लोक मला विचारतात, म्हणून सांगतो. एक माणूस गातो आणि एक माणूस पियानो वाजवतो. बस, दोघेच. तबला नाही, माईकसुद्धा नाही. कविता कोणाची तरी असते. प्रतिक्षा तिचे सूर बांधून पाच रेघांच्या कागदावर टिंबांनी लिहिते आणि मग ते तसेच गायचे, तसेच वाजवायचे. पियानो मागून साथ देत नाही. तो आपली बाजू बोलतो. कधी गाणाऱ्याशी भांडतो, कधी गप्प बसतो. नवरा-बायको एका घरात राहतात तसे आहे. धनीरामने ऐकून विचारले होते, “बाई रडून राहिली का भांडून राहिली?” मी म्हटले, “दोन्ही. तुह्या घरी नाही होत का?”

प्रतिक्षाची पाच गाणी आहेत, त्यांना ‘पार्वताबाईचे बोल’ असे नाव आहे. मागच्या हिवाळ्यात ती नागपूरला एका हॉलमध्ये झाली. मुंबईच्या ताई गायल्या, पियानोवर प्रतिक्षा होती. मी पहिल्या रांगेत होतो. कागदावर छापले होते, ‘शब्द: पार्वताबाई गोंडाणे’. जिने जन्मभर अंगठा लावला तिचे नाव छापले होते. पहिले गाणे झाले तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही, इतके लोक शांत बसले होते. मला वाटले आवडले नाही. घाम आला. मग सगळे उभे राहिले. आमच्या घराण्यात असे कोणासाठी कोणी उभे राहिलेले मला माहीत नाही. माझ्या छातीत त्या दिवशी जे झाले ते साखरेचे नव्हते.

५. शब्द. आता खरी गोष्ट लिहितो. वकीलसाहेब म्हणाले, “काकाजी, हे मृत्युपत्र होय, माफीनामा नाही. हे काढा.” मी काढत नाही.

पार्वताबाईचे माहेर वैनगंगेकाठी होते. गोसीखुर्दच्या पाण्यात ते गाव गेले. शेवटच्या दोन वर्षांत ती आजारी होती, तेव्हा पियानोजवळ खाट टाकली होती. तिथे पडून ती माहेराबद्दल, त्याच्यावरून जाणाऱ्या डोंग्याबद्दल, म्हणजे होडीबद्दल, बोल जुळवायची. प्रतिक्षा तेव्हा मुंबईला शिकत होती. तिने मला फोनवर सांगितले, “आबाजी, आजी जे म्हणते ते लिहून ठेवा, जसंच्या तसं.” मी दोनशे पानी वही आणली आणि लिहिले. जसेच्या तसे लिहिले नाही.

तरुणपणी मी एका आरागिरणीत होतो. तिथे रजेचा अर्ज लिहिला होता, ‘मले तीन दिवसाची सुट्टी पाहिजे’. तिथल्या बाबूने तो चार लोकांना वाचून दाखवला. ते सगळे दिवसभर मला ‘मले’ म्हणून हाक मारत होते. तेव्हापासून कागदावर माझ्या हातून ‘मले’ उतरत नाही. तोंडात असते, पेन धरले की ‘मला’ होते. पार्वताबाई म्हणाली ‘काहून’, मी लिहिले ‘का’. ती म्हणाली ‘पानी’, मी लिहिले ‘पाणी’. पहिल्या गाण्यात असे तेरा ठिकाणी केले. बाकीची चार गाणी वहीत तपासून लाल पेनाने खुणा केल्या आहेत.

ती म्हणायची, “काय लिवलं, वाचा जी.” मी वाचायचो. वाचताना तिचे शब्द म्हणायचो, कागदावर माझे असायचे. तिला काय कळणार. ती मान हलवायची.

चार वर्षांपूर्वी ती गेली. प्रतिक्षाने वहीवरून गाणी बांधली. आता पहिल्या गाण्यात अशी जागा आली आहे की ताई ‘का’ म्हणून थांबतात आणि पियानो एकटा तीन सूर बोलतो. सगळ्यांना तीच जागा फार आवडते. ताई म्हणाल्या, इथे बाईचा शब्द अपुरा राहतो आणि प्रश्न पियानो पुरा करतो, असे सुचायला मोठी बुद्धी लागते. सगळे प्रतिक्षाकडे पाहत होते. मी खाली पाहत होतो. तिथे ‘हून’ होते. ते मी कापले.

पुढच्या महिन्यात ही गाणी मुंबईत छापली जाणार आहेत. एकदा छापले की तेच खरे होईल. मी विनोदला हे सांगून पाहिले. तो म्हणाला, “बाबा, मुंबईचे लोक छापून राहिले, त्यात मले-तुले कायले पाहिजे? हाये ते बरं हाये.” त्याचे चुकत नाही, तो माझाच मुलगा आहे. पण मला पार्वताबाईचे बोलणे ऐकू येते, “काहून जी, माही बोली का उष्टी होती?”

म्हणून असे ठरवतो. शब्द पार्वताबाईचे आहेत. ते वारसाने माझ्याकडे आले. त्यात विनोद आणि सरिता यांचाही हिस्सा आहे, तो सोडल्याची सही त्यांनी केली आहे, ती वेगळ्या कागदावर आहे. सूर प्रतिक्षाचे आहेत, त्यांच्यावर माझा काही हक्क नाही. शब्द मी प्रतिक्षाला देतो, पण खाली परिशिष्टात लिहिल्याप्रमाणे आणि वहीतल्या लाल खुणांप्रमाणे. सूर बिघडत असतील, तीन सुरांची ती जागा जात असेल, तरी. आणि ते होत नसेल तर त्या गाण्यांवर पार्वताबाईचे नाव छापू नये. ‘शब्द: गुलाब गोंडाणे’ असे छापावे. चूक ज्याची, नाव त्याचे.

६. धनीराम बोरकर यांना मी काही देत नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा कायदा आहे असे वकीलसाहेब म्हणाले. मला ते बरे पडले.

७. हे कलम आज वाढवले. काल दुपारी मसुदा साक्षीदारांना वाचून दाखवत होतो. प्रतिक्षा सुट्टीवर आली आहे, ती आत चहा करत होती. कलम पाच चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली. मला कळले नाही, मी वाचत राहिलो. संपल्यावर तिने विचारले, “किती ठिकाणी?” मी वही दिली. तिने सगळी पाहिली. मग वही मिटली. चहा सगळ्यांच्या हातात दिला, माझा कप मात्र जमिनीवर ठेवला. मला वाटले गेले सगळे, ही आता गाणी फाडते. साक्षीदार सुखराम म्हणाला, “मामाजी, चहा घ्या, थंडा होऊन राहिला.”

प्रतिक्षा पियानोवर बसली. पहिले गाणे म्हणू लागली. ‘काहून’वर अडली.

“आबाजी,” माझ्याकडे न पाहता म्हणाली, “हे ‘हून’ कुठं बसवू? तिथं पियानो बसला आहे.”

“त्याले उठव,” मी म्हटले.

ती थोडी हसली, राग होताच. म्हणाली, तिसरे गाणे पूर्ण मोडते, ते नव्याने लिहावे लागेल, मुंबईला कळवावे लागेल, छापणे लांबेल, ताई चिडतील. मी म्हटले, हो. पुन्हा ती अडली. मग वळून बसली आणि विचारले, “आजी ‘काहून’ म्हणताना आवाज वर न्यायची का खाली?”

हे मला कोणी विचारेल असे कधी वाटले नव्हते. विनोदला ते आठवत नाही, सरिताला अर्धे आठवते. मी डोळे मिटले आणि तिच्यासारखे म्हणून दाखवले. वर नाही, खाली नाही. सरळ. पुढ्यात ताट ठेवावे तसे. प्रतिक्षाने दोन सूर शोधले. मी म्हटले, दुसरा जरा आखूड. तिने आखूड केला. मी म्हटले, हीच ती. तिने पेन्सिलीने लिहून घेतले. मग दुसरा शब्द विचारला. संध्याकाळपर्यंत आम्ही अकरा शब्द केले. साक्षीदार बसून राहिले, धनीरामसुद्धा उठला नाही.

छापायच्या आधी मी गेलो तर राहिलेले शब्द प्रतिक्षाने सरिताला विचारावेत. पण मी जाणार नाही, काम बाकी आहे.

परिशिष्ट. पहिले गाणे, पार्वताबाई गुलाब गोंडाणे हिने म्हटले तसे:

काहून उभी रायली बाई पान्याच्या काठाले?
मले पुसते मायं घर, सांगू कोनत्या हाताले?
खाली चूल हाये माही, वरतं डोंगा जाते,
डोंगेवाल्या, हळू हाक रे, माय भात रांधते.

वरील चार ओळींत तेरा शब्द मी आधी बदलले होते. ते पुन्हा लिहिले आहेत आणि प्रत्येकाशेजारी सही केली आहे. ते शुद्धीवर असताना, समजून आणि बरोबर लिहिले आहेत.

ठिकाण: अड्याळ
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५

(सही) गुलाब डोमाजी गोंडाणे

आम्ही खाली सही करणार लिहून देतो की गुलाब गोंडाणे यांनी हे मृत्युपत्र व परिशिष्ट आमच्यासमोर मोठ्याने वाचले आणि आमच्यासमोर सही केली. आम्ही शेजारी बसून कागदावर बोट ठेवून पाहिले. जसे लिहिले आहे तसेच वाचले.

साक्षीदार
१. (सही) सुखराम तुळशीराम मेश्राम, राहणार अड्याळ
२. (सही) धनीराम गोमाजी बोरकर, राहणार अड्याळ