सिल्व्हर सायनाइडचे डबे

मंगळवार, संध्याकाळ. चितेगावहून आत्ताच घरी.

आज जिंकले! आमच्या कारखान्यात चांदीच्या मुलाम्यासाठी सिल्व्हर सायनाइड लागतं. पांढरी भुकटी, दिसायला पिठासारखी साधी. पण तीव्र आम्ल लागलं की तिच्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. आणि तिचे डबे ठेवलेले कुठं, तर आम्लाच्या कॅनखालच्या फळीवर! गेल्या आठवड्यात मी अडून बसले, तर मालक वैतागले, "मॅडम, इतक्या वर्षांत काय झालं का?" तरी मी डबे पलीकडच्या खोलीत हलवलेच.

आज दुपारी आम्लाचा कॅन फुटला. सगळं त्याच खालच्या फळीवर सांडलं! शेजारीच शीलाताई काम करत होती. मी ओरडले, सगळे बाहेर पळाले. नुसता ठसका लागला, बाकी कुणाला काही नाही. ती पिठासारखी भुकटी तिथं असती तर? विचारच नको.

मालक आले, त्यांनी ती फळी वाकून नीट बघितली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आजपासून काय कुठं ठेवायचं, ते तुम्ही ठरवायचं."

शीलाताईनं माझा हात घट्ट धरला. "लई भांडता तुम्ही मॅडम," म्हणाली, "असंच भांडत जा."