साखळी मी ओढली होती

इंदिरानगर, नाशिक
८ जुलै २०२५

आदरणीय पुंजारामदादा,

धाकट्या सुवर्णाचा तुम्हा उभयतांना सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? (वहिनी म्हणतात, तेलाची बाटली दिसली की तुम्ही त्याच गुडघ्याने बाहेर पळता.) आम्ही मजेत. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि कागदाला मधेच तोडता येत नाही, एवढंच.

तर तुमची बहीण वकिलीच्या प्रवेशपरीक्षेत पास झाली. कोर्टासमोर टेबल टाकून अठरा वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली, सत्तेचाळिसाव्या वर्षी म्हटलं, आता स्वतःचंही काही करावं. माझी तेजल माझ्यासाठी कॉलेजचा फॉर्म भरत होती. नाव, पत्ता, टक्के, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि प्रश्न आला की आपणास कधी कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय. पोरगी हसत हसत 'नाही' करायला निघाली. मी म्हटलं, थांब. तिला वाटलं, आईने खूनबिन केलाय. (घरात क्षणभर माझा वट वाढला, ते सोडा.)

मग चौदा वर्षांपूर्वीचं सगळं सांगावं लागलं. आपण मावशीच्या मुलीच्या साखरपुड्याला कल्याणला निघालो होतो. इगतपुरीला गाडी थांबली आणि तुम्ही उतरलात, कारण तिथे तुम्ही रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, आणि फलाटावर चार माणसांनी नमस्कार केल्याशिवाय तुम्हाला पुढचा प्रवास मानवत नाही. मी म्हटलं, दादा, गाडी सुटेल. तर तुम्ही, "ब्रेक तपासल्याबिगर गाडी घाट उतरती का? लय टाइम हाय. मला रेल्वे शिकवू नको." त्या दिवशी ब्रेक तपासणाऱ्यांना तुम्हाला विचारायचं काही सुचलं नाही. गाडी हलली तेव्हा तुम्ही वडेवाल्याला कढईतलं तेल कधी बदलावं ते समजावत होता.

पुढचं तुम्ही सगळ्यांना कसं सांगता ते मला पाठ आहे. गार्डने तुम्हाला ओळखलं, झेंडा दाखवला आणि अख्खी गाडी थांबवली. मी पाहिलं ते वेगळं. तुमच्या एका हातात दाराची दांडी, दुसऱ्यात वड्यांचा पुडा (तो काही सोडवेना), आणि पाय गाडी आणि फलाटाच्या मधे लोंबत होते. मी साखळी ओढली. फार घाबरले होते, दादा.

रेल्वे पोलिसांनी मला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तेव्हा तुम्ही कानाशी आलात. "व्हय म्हण आन् सुट. माझं नाव निघालं तर चौकशी लागंल." मी होय म्हटलं, दंड भरला. का ओढली, हे कोणी विचारलं नाही. सबळ कारण असेल तर साखळी ओढणं हा गुन्हाच नसतो, हे मला पुढे सहा वर्षांनी दुसऱ्याचा अर्ज टाइप करताना कळलं. साखरपुड्यात मात्र तुम्ही सगळ्यांना सांगत होता की सुवर्णीला जरा घाई असते.

फॉर्मवर मी 'होय' लिहिलंय. तेजल म्हणाली, आई, एवढं जुनं कोण बघतंय? पण वकील व्हायला निघाले आणि पहिल्याच कागदावर खोटं लिहू? पुन्हा तशी वेळ आली तर साखळी पुन्हा ओढीन. फक्त गुन्हा कबूल करणार नाही.

तुमची शिक्षा भोगलेली बहीण,
सुवर्णा

ता. क. खरं काम राहिलंच. पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता कॉलेजची समिती माझं म्हणणं ऐकणार आहे. साक्षीदार असेल तर आणा, म्हणाले. साक्षीदार एकच, आणि तो चौदा वर्षं भलतंच सांगत फिरतोय. तुम्ही आता निवृत्त आहात, चौकशीची भीती नाही. येऊन एवढंच सांगा की गाडी गार्डने थांबवली नव्हती. नाही आलात तर माझा प्रवेश बहुतेक गेला.

ता. क. पुन्हा. वहिनींना हे पत्र दाखवू नका, असं लिहिणार होते. पण काल फोनवर त्यांना सगळंच सांगून बसले. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, शुक्रवारसाठी ह्यांचा पांढरा शर्ट आजच इस्त्रीला टाकते.