मी सांगितलेली पत्रं

सवाईई बेट, सामोआ
सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

चि. फेतूस,
आईचे भरभरून आशीर्वाद. ऑस्ट्रेलियातल्या त्या मळ्यावर वेळेवर जेवतोस ना? इथे डुकरीण व्याली, सात पिल्लं. माझे गुडघे माझ्याआधी उठून कुरकुरायला लागतात.

अक्षर बघून दचकू नकोस, हे चर्चच्या पाळकांच्या बायकोचं, लुसियाबाईंचं. फोन केला असता, पण आपल्या घराला भिंती नाहीत, अख्खं गाव ऐकतं. आजवर मी सांगायची आणि तुझी बायको, सेफिना, लिहायची. तिचं पेन चालताना बघून मला वाटायचं, माझंच बोलणं उमटतंय. तीन महिने आईचं पत्र नाही म्हणून तू रुसला असशील. मला ती म्हणायची, पाठवलं.

काल मुलांचा पांढरा रविवार झाला. चर्चमध्ये सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत बायबलातली वचनं म्हणत होती. आपली तिरेसा कान झाकून उभी, मग किंचाळायला लागली. सहा वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. सेफिना तिला उचलायला गेली, तर पोरीनं तिची टोपी ओढली. खाली केस नव्हते. कमरेपर्यंतचे ते केस, तुला ठाऊक आहेत. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन ती आडवी झाली. कितीतरी दिवसांपासून ती अशीच पडून असते, पोरीपुरती उठते. मी तिला आळशी म्हणायची. तिच्या शेजारची चटई झटकायला उचलली, तर खाली तीन पत्रं. लुसियाबाईंनी वाचून दाखवली. मी सांगितलेलं काहीच नाही, डुकरीण नाही, गुडघे नाहीत. तिन्हींत एकच:

"आई म्हणते, तिरेसा पोटात असताना मी तिन्हीसांजेला केस सोडून समुद्रावर बसले, म्हणून पोरीला बाहेरचं लागलं. खरंच असेल. फेतू, मला आता कशाचंच काही वाटत नाही. ये."

म्हटलं होतं मी. चटया विणताना, बायकांना हसवायला. सगळ्या हसल्या, म्हणून पुन्हा म्हटलं. आपियाच्या डॉक्टरनं ऑटिझम म्हणून सांगितलं होतं, कुणाचा दोष नाही म्हणून. ते नाव माझ्या जिभेवर बसलं नाही. केसांचं बसलं.

काल तिच्याजवळ बसून म्हटलं, "सेफिना, माझं चुकलं गं."

ती तिरेसाच्या शिंपल्यांच्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, केस कापून पाहिले. पोर तशीच आहे."

गावची नर्स म्हणते, हे मनाचं दुखणं आहे, आपियाला न्या. सेफिना नको म्हणते. माझ्या सांगण्यानं ती आता कशाला उठेल?

तू तिथल्या कामाची मुदत दोनदा वाढवलीस. का, ते मी विचारलं नाही. पोरगी किंचाळली की तू उठून समुद्राकडे जायचास, ते मी पाहिलंय.

तिची तिन्ही पत्रं सोबत आहेत. आधी ती वाच. माझं राहिलं तरी चालेल.

खालचा अंगठा माझा. या वेळी लिहिलेलं दोनदा वाचून घेतलंय.

नको ते बोलून बसलेली,
तुझी आई