चौकटीतली चौदा समुद्रफुलं

९ मे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल. माझा गुडघा सोडला तर इथेही ठीक चाललं आहे.

आधी आपल्या तक्रारीचं बोलते, कारण गेल्या तीन वर्षांत तुझ्यामाझ्यात तेवढीच एक गोष्ट सामाईक उरली आहे. आपण दोघं अशा बाईची मुलं, जिच्या एकाही उन्हाळ्यावर आपला हक्क नव्हता. इतर पोरांना सुट्टीत आई जास्त मिळायची, आपल्याला होती तीही जायची. किनाऱ्यावरच्या उन्हाळी सागरशाळेत ती सहा वर्षांच्या चिमुरड्यांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांची बाई, आणि आपण शेजारणीच्या घरी डबा उघडून बसलेले. तू एकदा म्हणाला होतास, "आई, मी खेकडा असतो तर तू माझ्याकडे नीट बघितलं असतंस." ती हसत सुटली होती. तू हसला नव्हतास.

यंदाही शाळा भरली आहे. ती गेल्यानंतरची पहिली. मोठ्यांच्या तुकडीत बस चालवणाऱ्या दोघी जणी आहेत, एक निवृत्त शिंपी आहेत आणि एक आजोबा, ज्यांच्या डोक्यात माशांची नावं टिकत नाहीत. चिमुरड्यांतल्या एकीने त्यांना धीर दिला, "नापास झालात तर पुढच्या वर्षी आमच्यात या हं, आम्हाला परीक्षाच नसते." आजोबा म्हणाले, "आत्ताच येतो की!"

आईची समुद्रफुलांची मोजणी मी चालू ठेवली आहे. म्हणजे ठेवली होती, परवापर्यंत.

तुला पद्धत ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण सगळं त्यातच आहे. ओहोटीला खडकावर मीटरभराची चौकट ठेवायची, दर वर्षी त्याच दहा जागी. हात लावायचा नाही, समुद्रफुलं म्हणजे खडकाला चिकटलेले फुलासारखे जीवच, हात लागला की मिटतात. एकाने मोजून आकडा मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, पटलं तरच तो आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग लिहायचा. न पटता म्हणायचा नाही. आईचा हा एकच नियम होता, आणि त्यासाठी तिने भल्याभल्यांना झापलं आहे.

परवा मी मोजत होते, शिंपीकाका लिहीत होते. तिसरी चौकट. मी सवयीने म्हणाले, "चौदा." काकांनी आकडा म्हटला नाही. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, आणि सगळ्या तुकडीसमोर म्हणाले, "ताई, मी चाळीस वर्षं मापं घेतली. माणूस समोर नसताना माप कधी लिहिलं नाही. इथे एकही नाही."

खरंच एकही नव्हतं, धाकट्या. नुसता खडक आणि वर हिरवट बुळबुळीत थर.

मी जन्मभर भाषणं केली. वाचलेलं सगळं पणाला लावून सभा जिंकल्या. माझ्या तोंडाला कोणी लागत नाही हे तुझ्याइतकं कोणाला कळलं असेल? तीन उन्हाळ्यांपूर्वी, समारोपाच्या दिवशी, तू एवढंच म्हणालास, "आईचे आकडे चुकताहेत. तिला आता दिसत नाही." मी माईक घेतला आणि वीस मिनिटं बोलले. ज्या हातांनी भरवलं त्यांच्यावर शंका घेणारा मुलगा, किनारा विकायला निघालेल्यांचा साक्षीदार, काय काय म्हणाले. टाळ्या पडल्या. तू चपला घातल्यास आणि निघून गेलास.

त्या वर्षी मला जिवंत किनारा हवा होता. इथे बोटींसाठी धक्का बांधू बघणारे म्हणत होते, किनारा मेलाच आहे, मग धक्का बांधला तर बिघडलं काय? मी प्रत्येक सभेत आईचे आकडे फडकवले. धक्का रद्द झाला. मी हार घालून घेतले. पण समुद्रफुलं कशाने मरताहेत हे शोधायला कोणी गेलं नाही. कशाला जातील? कागदावर ती ठणठणीत होती.

आता ते लिहिते, जे इतका वेळ टाळते आहे.

आई खोटं बोलली नाही. तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. चौकटीवर वाकून ती आठवणीने मोजायची, "कपारीत पाच, कडेला चार, खाली पाच. चौदा." आणि मग थांबायची. माझ्यासाठी थांबायची ती. मला तिथे चार दिसत होती. मी म्हणाले, "चौदा." पुढच्या वर्षी दोन दिसली. मी म्हणाले, "चौदा." माझा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळायचा. तिला वाटायचं, पोरीने बघितलंय, म्हणजे आहेत.

तू गेलास त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "तो खरं बोलतोय का गं?" मी म्हणाले, "मी लिहिलंय ना, आई."

शेवटच्या आठवड्यात ती पुनःपुन्हा म्हणायची, "धाकटा मोजायला पक्का होता गं. त्याला कमी कशी दिसली? बोलव त्याला, मला विचारायचंय." मी म्हणाले, "आधी त्याने माफी मागू दे." दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तू आलास तेव्हा तिला नेत होते. तू मागे उभा राहिलास आणि मी तुला हाक मारली नाही.

माफी मागत नाही. ती मागण्याचं तोंड मी भाषणांत वापरून संपवलं.

मात्र एक काम तुलाच करावं लागेल. वीस तारखेला समारोप आहे आणि आईच्या नावाने बावीस उन्हाळ्यांचा तक्ता कायमचा भिंतीवर लागणार आहे. त्या दिवशी मी उभी राहून सगळं सांगणार आहे, कोणी लिहिलं तेही. पण मी बोलले की लोक टाळ्या वाजवतात, धाकट्या, मी काहीही बोलले तरी. आई किती मोठी, मुलगी किती प्रामाणिक, म्हणतील आणि चहा पिऊन घरी जातील. आईच्या शेवटच्या तीन उन्हाळ्यांचे रकाने मी कोरे ठेवायला लावले आहेत. त्यातल्या एकाचं खरं माप फक्त तुझ्याकडे आहे. त्या वर्षी पहाटे एकट्याने जाऊन तू दहाही चौकटी मोजल्या होत्यास. मी फाडीन म्हणून तो कागद तू मला हातात दिला नाहीस. बरोबर केलंस.

आताही मला देऊ नकोस. शाळेच्या संचालकबाईंच्या नावाने, वीस तारखेच्या आत, तो कागद पाठव.

आकडे लिहिणारी,
तुझी ताई